उंटाच्या मापाची गादी

थोरलीने गादीच्या कडेचा शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि गादी जमिनीवर पसरून तिच्यावर उताणी पडली. पाय ताणून पाहिले. टाचांच्या पुढे चांगली हातभर गादी उरली होती.

"अहो," पडल्या पडल्याच तिने खिडकीतून हाक दिली, "ही गादी माझीच ना? की माझ्या पायाशी आणखी कुणाला झोपवायचंय?"

अंगणातला हातोडीचा आवाज थांबला. "शहात्तर इंच सांगितलं म्हणजे शहात्तर इंच. माझं माप चुकत नाही. पायाशी बोचकी ठेव तुझी."

"माझी बोचकी अशी किती असणार?"

"मग पाय वाढव," असं म्हणून ड्रायव्हरने पुन्हा हातोडी सुरू केली.

ड्रायव्हर म्हणजे तिचा नवरा. निवृत्त झाला तरी सगळी गल्ली त्याला ड्रायव्हरच म्हणे, आणि मनातल्या मनात तीही. संसाराची सारी उमेदीची वर्षं तो मालट्रक घेऊन लांबच्या रस्त्यांवर होता. घरी आला की आधी झोपायचा आणि उठला की रस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. कुठल्या घाटात धुकं कसं उतरतं, कुठल्या वळणावर पहिल्यांदा समुद्र दिसतो. ती भाकरी-भाजी वाढता वाढता ऐकायची. "मला कधी नेणार?" या प्रश्नावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "पुढच्या फेरीला." लग्न नवं होतं तेव्हा ते उत्तर गोड वाटायचं. मग त्याची थट्टा झाली. पुढे तिने विचारणंच सोडून दिलं.

निवृत्तीनंतर त्याला घर खायला उठलं. त्याने एक जुना पिकअप घेतला आणि त्याच्या मागच्या उघड्या हौद्यावर बसेल असं फिरतं घर स्वतःच्या हाताने बांधायला काढलं. तो त्याला घर म्हणे, ती खोकं म्हणे. त्याची गंमत अशी होती की ते गाडीला कायमचं जोडलेलं नव्हतं. चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय, प्रत्येकाला फिरवायचा दांडा. साखळ्या सोडायच्या, पाय जमिनीला टेकवायचे, दांडे फिरवत खोकं हौद्यापासून चार बोटं उचलायचं, की गाडी खालून निघून जायला मोकळी. खोकं आपलं उभं चार पायांवर, एखाद्या टेबलासारखं.

तिने आधी नाकच मुरडलं होतं. मग एका संध्याकाळी धाकटीचा फोन आला. धाकटी बहीण लग्न न करता वडिलांच्या वीटभट्टीजवळच्या घरातच राहिली होती. आता गुडघे चालेनात म्हणून तिने चुलत भाच्याकडे राहायला जायचं ठरवलं होतं. "वर्षअखेरीला किल्ली देतेय ताई," ती म्हणाली. "नवा मालक घर पाडणार आहे. एकदा येऊन जा. भिंतीवर आपल्या उंचीच्या रेघा अजून आहेत. तू माझ्याहून बुटकी राहिलीस याचा तेवढाच पुरावा."

ड्रायव्हरला त्या दिवशी प्लायवूड धरायला माणूस हवं होतं. तो म्हणाला, "हात लाव. हे उभं राहिलं की पहिली फेरी तुझ्या बहिणीकडेच."

मग तिने हात लावला. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा त्याने ठोकला, पण पॉलिश कागदाने घासला तिने. पट्ट्यांच्या मधल्या जागेत थर्माकोल कापून बसवला तिने. बाहेरून अॅल्युमिनियमचे पत्रे चढले, भंगारातल्या बसची सरकती काच केबिनच्या वरच्या झोपायच्या फळीपुढे बसली, तिच्या कडेने रबर तिनेच दाबलं. नखं काळी पडली, पाठीचा कणा बोलायला लागला. ड्रायव्हर कौतुकाचा शब्द काढेल तर शपथ. "हे कुणी घासलं, कोंबडीने?" एवढंच.

गाडी खोक्याखाली मागे घेणं हे सगळ्यांत नाजूक काम होतं. पायांच्या दोन्ही बाजूंना तळव्याएवढीच जागा. एकाने स्टिअरिंगचं चाक धरायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. ड्रायव्हरचा तिच्या नजरेवर काडीचा विश्वास नव्हता. "तुला अंदाज नाही. एक पाय उडवशील आणि वर्षाची मेहनत मातीत," म्हणून तो स्वतः मागे उभा राहिला आणि तिला चाकावर बसवलं.

"हे काही गाडी चालवणं नाही हां," तो वर बजावून म्हणाला. "नुसता क्लच हळूहळू सोडायचा. डोकं वापरू नको."

तिने डोकं वापरलं नाही. पायांनाच सगळं आठवत होतं. लग्नाआधी भट्टीवरचा विटांचा ट्रक ती चालवायची. वडील पायरीवर उभे राहून, खिडकीतून आत वाकून शिकवायचे. ओली माती, कोरडी माती, विटांनी भरलेला ट्रक उतारावर कसा पेलायचा, सगळं. लग्न झालं आणि चाक सुटलं. परवान्याचं मात्र तिने कधी चुकवलं नाही. डोळे तपासायला जाते असं सांगून दर वेळी नवा करून आणायची. एकदा तो ड्रायव्हरच्या हाती लागला तेव्हा तो पोट धरून हसला होता. "फोटो काढून घ्यायची हौस, दुसरं काय."

गादी तयार झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उंट आला. ड्रायव्हरचा जुना जोडीदार, त्याच मालट्रकवर पाळीपाळीने गाडी हाकणारा. उंची इतकी की दारातून येताना नमस्कार करत आल्यासारखा वाटे. त्याच्या हातात कपड्यांची पिशवी होती. थोरलीने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

दोघांनी मिळून गाडी खोक्याखालून काढली, घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. आता मागे उभा राहून सांगायला उंट होता, त्यामुळे चाकावर ड्रायव्हर बसला आणि थोरलीची रवानगी स्वयंपाकघरात झाली. थोड्या वेळाने उंटाने गादी खांद्यावर टाकून वर नेली. ती चहा घेऊन गेली तेव्हा तो खालच्या फळीवर आडवा झालेला होता. डोकं एका टोकाला, टाचा बरोबर दुसऱ्या टोकाला. बोटभरही जागा उरली नव्हती.

"वहिनी, झकास झालीय गादी," उंट म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय कुठेतरी मावले. मी याला म्हटलंच होतं, बाबा, माझं माप नीट दे, नाहीतर पाय बाहेर लोंबकळतील."

ड्रायव्हर चहात बिस्कीट बुडवत होता. ते तुटून कपात पडलं.

"भावोजी, तुम्हाला साखर आणखी हवी का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती आत निघून गेली. ड्रायव्हर मागोमाग आला.

"आता तोंड पाडून बसू नको," तो म्हणाला. "त्याचं नि माझं केव्हाचं ठरलंय. समुद्राच्या कडेकडेने जायचं. उद्या सकाळी निघतोय, टाकीसुद्धा भरून आणलीय. तुला त्या खोक्यात जमलं नसतं. तुझी कंबर, तुझं पथ्य."

"गादी माझी म्हणून शिवून घेतलीत."

"त्याची म्हटलं असतं तर शिवली असतीस?"

"नसती शिवली."

"मग झालं तर."

तिने भांडं घासायला घेतलं. "वर्षभर माझे हात वापरलेत."

"गवंड्याला कुणी त्याने बांधलेल्या घरात झोपायला ठेवतं का? तुझ्या बहिणीकडे पुढच्या फेरीला नेतो म्हटलं ना."

"पुढच्या फेरीला तिथे घर नसेल."

"विटाच त्या. तुम्हा बहिणींना भट्टीवाल्याच्या पोरी म्हणून विटांचं फार प्रेम. एवढंच असेल तर फोटो मागव."

ती वळली. तिच्या हातात घासणी होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. "तुम्ही माझ्या तोंडाला पानं पुसलीत, ते मी समजू शकते. सवयच आहे. पण माझ्याकडूनच पानं खुडून घेतलीत."

"ऐकलं," ड्रायव्हर म्हणाला. "जेवायला वाढ. दोघांना."

तिने वाढलं. दोघांना, पोटभर, वर आग्रह करून. उंटाने तीनदा भात घेतला आणि तीनदा वहिनींच्या हाताला चव असल्याचं सांगितलं. जेवण अंगावर आल्यावर दोघं नव्या गाद्यांवर लोळून पाहायला म्हणून खोक्यात चढले. चढायची लोखंडी पायरी गाडीच्या मागच्या बंपरला जोडलेली होती. उंट खाली पसरला, ड्रायव्हर केबिनवरच्या फळीवर बसच्या काचेशी डोकं करून झोपला. थोड्याच वेळात आतून दोन सुरांत घोरणं ऐकू येऊ लागलं. मालट्रकमध्येही ते असंच पाळी लावून घोरत असतील, असं तिला वाटलं. तिथेही तिची जागा नव्हती.

तिने एका पिशवीत दोन कपडे, औषधं आणि परवाना टाकला. अंगणात येऊन ती गाडीभोवती एक फेरी फिरली. सकाळच्या सरावानंतर खोकं उचललेलंच ठेवलं होतं. हौदा आणि तळ यांच्या मधून तिने बोटं फिरवून पाहिली. चारी बाजूंनी मोकळं. चारी पाय फळकुटांवर घट्ट बसलेले. मागच्या उजव्या कोपऱ्यातली एक साखळी मात्र आळशीपणाने तशीच अडकवून ठेवली होती. ती तिने सोडली, गुंडाळली आणि पायाशी नीट ठेवली. किल्ली गाडीलाच होती.

इंजिन सुरू होताच घोरणं थांबलं. तिने क्लच हळूहळू सोडला, जसा त्याने सांगितला होता तसा. गाडी वीतभर पुढे सरकली, मग हातभर. आरशात ती पायांकडे बघत होती. एकाही पायाला धक्का लागला नाही.

ड्रायव्हरने काच सरकवली आणि पालथं पडून डोकं बाहेर काढलं. त्याच्या हनुवटीखालून केबिनचं छप्पर सरकत पुढे निघालं होतं.

"ए. ए, काय चाललंय? थांबव. हँडब्रेक ओढ."

ती गाडी पुरती बाहेर येईपर्यंत थांबली नाही. मग ब्रेक दाबून तिने खिडकीतून मागे वर पाहिलं. खोकं चार पायांवर उभं होतं आणि काचेतून त्याचं डोकं बाहेर आलेलं होतं, बिळातून यावं तसं.

"कुठे निघालीस?"

"धाकटीकडे."

"गाडी कोण चालवणार?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं तिला काही कारण दिसलं नाही.

"वहिनी," आतून उंटाचा आवाज आला, "पायरी कुठे गेली इथली?"

"अरे, उडी मार आणि धर तिला," ड्रायव्हर आत ओरडला.

"माझ्या पाठीत भरलंय. तू मार."

"माझे गुडघे." मग तो पुन्हा बाहेर वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, शेजारीपाजारी बघतायत. गुमान मागे घे. मी सांगतो कशी घ्यायची. आम्ही काय इथेच लटकायचं? कधी येणार तू परत?"

त्याचं ठरलेलं उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. आयुष्यभर ऐकून ते इतकं झिजलं होतं की उच्चारायलाही नको वाटलं. ते तिने तिथेच गिळलं आणि पहिला गिअर टाकला.

फाटक अरुंद होतं आणि बाहेर लगेच वळण. ड्रायव्हरचा आवाज तिथवर येत होता. "डावीकडे घे. अगं डावीकडे, उजवा खांब लागेल. तुला अंदाज नाही, ऐक माझं."

तिने उजवीकडेच कापलं. खांब आरशाला घासला, आरसा खरडून आतल्या बाजूला मुडपला गेला. मागून त्याने काहीतरी जोरात म्हटलं. गाडी रस्त्यावर आली होती. तिने काच वर केली आणि दुसरा गिअर टाकला.