सुया आणि चौथा मजला

लातूरजवळच्या मुरुडात मला सगळे अंगणवाडीच्या केवळाबाई म्हणून ओळखतात, आणि थोडे वचकूनही असतात. चाळीस पोरं मी एका हाकेत खाली बसवते. पण ही बाई बत्तीस वर्षं पक्क्या छताखाली झोपलेली नाही, हे फार थोड्यांना ठाऊक. उन्हाळा असो की थंडी, माझी बाज अंगणात. पावसात पत्र्याच्या पडवीत, तेही एक डोळा उघडा ठेवून.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. औसा तालुक्यातलं आमचं गाव, दगडमातीची घरं. मी आजीजवळ अंगणात झोपले होते, आई धाकट्याला घेऊन आत. माझी झोप इतकी गाढ, की घर पडल्याचं मला दुसऱ्यांनी गदागदा हलवून सांगितलं. ते दोघं गेले. लोक तेव्हापासून भिंतींना भितात, मी झोपेलाही भिते.

तसंच निभून गेलं असतं. पण यंदा लुंबिनीला, माझ्या एकुलत्या एका लेकीला, सातव्या महिन्यात डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही म्हणून सांगितलं. बाळंतपणाला मुरुडला आणायची सोय राहिली नाही. ती नांदेडला राहते, चौथ्या मजल्यावर. जावई धम्मदीप मुदखेडला रेल्वेत, त्याच्या पाळ्या बदलत्या, आणि त्याला आई नाही. म्हणजे जायचं मलाच. त्यांच्या गृहप्रवेशाला गेले होते, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरूनच पळत खाली आले. लेकीच्या घरातली बुद्धवंदना मी खाली पार्किंगमध्ये उभी राहून ऐकली.

"माय, येशील ना?" तिनं फोनवर विचारलं.

"हाव," म्हणाले. पोटच्या पोरीशी खोटं बोलले.

गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगी मला चालत नाही. म्हणून आरोग्य केंद्रातल्या गौरम्मा सिस्टरनं लातूरच्या मनस्विनीबाईंचा पत्ता दिला. त्या अ‍ॅक्युपंक्चर करतात, म्हणजे सुया टोचतात. "सुईनं भीती जात असती तर शिंप्याला कुणाच्या बापाचं भ्या राहिलं नसतं," असं म्हणून मी गौरम्माला हसले. आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बस धरली.

एका लांबट खोलीत चार पलंग, मध्ये पडदे. मनस्विनीबाई माझ्याहून लहान, आवाज मऊ. केसाएवढ्या बारीक सुया त्यांनी भुवयांच्या मध्ये, मनगटात, पावलावर आणि कानात लावल्या. मुंगी चावल्यागत वाटलं. मग हात जड झाले, पंखा हळू झाला, आणि मी कोमट पाण्यात उतरल्यासारखी खाली खाली जायला लागले. अर्धी जागी, अर्धी कुठंतरी.

आणि पलंग थरथरला.

मी गल्लीत कधी पोचले, मला कळलं नाही. मागे बघते तर सगळेच आलेले. गुडघ्यात सुया आणि पँट वर गुंडाळलेले शेषेराव गुरुजी, कानात सुया घेऊन एक कॉलेजची पोरगी, शेजारचे धोंडप्पा टेलर तर गिऱ्हाइकासकट. कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. आमच्या भागात एक माणूस घरातून पळत निघाला की बाकीचे आधी पळतात, मग विचारतात. भर दुपारी कपाळात सुया घेऊन आम्ही उभे, आणि एक रिक्षावाला रिक्षा थांबवून बघतोय. समोरून उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली निवांत चाललेली.

"ट्रॅक्टर हाय, ट्रॅक्टर," गुरुजी म्हणाले, आणि मला असं हसू फुटलं की कपाळातली सुई हलायला लागली.

मनस्विनीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी गल्लीतच सगळ्यांच्या सुया मोजून काढल्या. माझ्याजवळ आल्यावर हळूच म्हणाल्या, "सगळ्यात आधी मीच पळाले, मावशी. तुम्ही माझ्या मागे होतात."

तेव्हा मला ती बाई आवडली.

पुढच्या खेपेला त्यांनी माझा पलंग मागच्या अंगणात, शेवग्याखाली टाकला. "भीती जाईल असा शब्द देत नाही," त्या म्हणाल्या. "अंगाला थोडी सुट्टी देऊ." शेवग्याची फुलं अंगावर पडायची. मिटल्या डोळ्यांपुढे आमचं गाव यायचं, आणि पडलेल्या घराचे दगड आवाज न करता एकेक जागेवर जाऊन बसायचे. कधी भिंत कमरेएवढी, कधी खांद्याएवढी. पलंग अंगणातून पडवीत गेला, पडवीतून खोलीत, दार उघडं ठेवून. सहाव्या खेपेला आई दारात दिसली. पदराला हात पुसत तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी बाहेरच उभी राहिले. उठले तेव्हा उशी ओली होती.

आठव्या खेपेनंतर त्यांनी कानावर मोहरीएवढे दाणे पट्टीनं चिकटवून दिले. घाबरं झालं की दाबायचे. नांदेडचा जिना मी कान धरून चढले. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईनं केलं तरी काय? दर मजल्यावर बसले, रडले, लुंबिनीला मनातल्या मनात शिव्या दिल्या, पण पोचले.

पहिले पाच दिवस दाराजवळ खुर्ची टाकून काढले. सहाव्या दुपारी लुंबिनीचे पाय चोळत पलंगाच्या कडेला बसले होते. पडद्यातून पिवळं ऊन येत होतं. हातातलं तेल कोमट होतं. बघता बघता गाव आलं. घर पुरं उभं होतं, दार उघडं होतं. या वेळी मी आत गेले. आत गार होतं, आणि धाकटा झोपला होता.

जाग आली ती खालच्या गलक्यानं. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. लुंबिनी उशीला टेकून बसलेली, तिचा हात माझ्या डोक्यावर.

"काय झालं?"

"हादरा बसला. बारका होता. भांडे वाजले थोडे. सगळी बिल्डिंग खाली जाऊन उभी हाय."

जमीन हलली होती आणि मी झोपले होते. पुन्हा. मला भीती वाटली की राग येतो, तसा आला.

"अन् मला उठवलं न्हाईस? मुडद्यागत पडू दिलंस?"

"मला उतरायचंच न्हाई म्हणून सांगितलंय. तुला उठवलं असतं तर मला सोडून गेली असतीस का?"

"न्हाई."

"मग?" तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "उठवणारच होते, माय. पण चोवीस वर्षांची झाले मी, तुला झोपलेलं कधी पाह्यलंच नव्हतं. लई शांत झोपली होतीस. बघतच बसले."

मला जोरात रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. खाली लोक अजून बोलत होते, कुणीतरी आम्हाला हाका मारत होतं.

"सरक जरा," मी लुंबिनीला म्हणाले, आणि तिच्या शेजारी आडवी झाले.