माझी खरखर थांबली तेव्हा

मी बोलतोय. हो, मीच, खिडकीजवळच्या टेबलावरचा काळा डबा. रेडिओच, पण गाणी लावणारा नव्हे. मी ऐकतोही आणि बोलतोही. सकाळपासून मी असा हादरलोय की बस्स. कुणाला तरी सांगितल्याशिवाय जीव थाऱ्यावर यायचा नाही.

जन्म कारखान्यातला, पण वाढलो ट्रकमध्ये. ड्रायव्हरच्या डोक्यावर, पत्र्याला टांगलेला. चॅनेल चाळीस, आणि चाळीसही चॅनेलवर शिव्या. "पुढे रस्ता बंद आहे रे", "टायर फुटलाय, कुणी जॅक देता का", एवढंच माझं जग, तेही चार-पाच मैलांचं. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. ड्रायव्हरने मला उपटलं आणि पान्यांच्या खोक्यात टाकलं. चौदा वर्षं! पान्यांशी काय बोलणार, सांगा.

गेल्या महिन्यात तिथून मला नानांनी उचललं. नाना टेलिफोन खात्यातले निवृत्त मेकॅनिक, आणि परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हौशी रेडिओवाले. ही माणसं ट्रकवाल्यांचे जुने सेट घेतात आणि आपल्या लहरींवर आणतात. कसे आणतात ते ऐकाल तर घाम फुटेल. सरळ झाकणच उघडलं! माझी लहर ठरवणारा क्रिस्टल काढून दुसराच बसवला. मग पोटातली एकेक कॉइल स्क्रूड्रायव्हरने फिरवली. नजर मीटरवर, जीभ दातांत. आवाज ऐकून बघणं नाहीच. मला वाटलं, काय तयारीचा माणूस! जुना माइक मोडका होता, तर भलत्याच सेटचा माइक जोडला. बटण दाबलं की मी बोलतो, सोडलं की खरखरत ऐकतो; ते बटण जरा घट्ट होतं. "चालतंय," नाना म्हणाले.

रोज सकाळी नऊला गावातले हौशी जमायचे, म्हणजे हवेत. नाना प्रमुख. ते एकेकाला हाक मारणार, तो बोलणार, नाना उत्तर देणार. एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक बेकरीवाला. शिवी म्हणाल तर एक नाही! "आधी आपण बोला." "छे छे, आधी आपण." पहिले दोन दिवस मला वाटलं, ही माणसं आजारी आहेत.

नाना मात्र मध्येच भलतंच बोलायचे. बेकरीवाला म्हणाला, "माझी भट्टी बिघडलीय." नाना म्हणाले, "माझ्यासाठी दोन ठेवा." सगळे खो खो हसले. नाना विनोदी आहेत, असं सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा.

आज सकाळी डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "नाना, काल आमचे वडील गेले."

आणि नाना म्हणाले, "वा वा! मग पार्टी कधी?"

मी गार पडलो. काकू, म्हणजे नानांची बायको, स्वयंपाकघरातून हातातल्या पातेल्यासकट धावत आल्या. नानांनी माइक टेबलावर ठेवला होता.

"अहो! त्यांचे वडील गेले म्हणाले ते!"

"काय?"

काकूंनी तोंडासमोर येऊन ओरडून सांगितलं. नानांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "दोन महिने झाले. तू समोर ओरडलीस तर कळतं. रेडिओवर नुसती गुणगुण. अंदाजाने बोलतो मी."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर हे बंद झालं असतं. बहिऱ्याला रेडिओवर कोण ठेवेल? सकाळी नऊला तीन माणसं माझी वाट बघतात. तेवढ्यासाठी उठतो गं मी."

आणि त्याच क्षणी लक्षात आलं, अरे, माझी खरखर बंद आहे! खरखर बंद म्हणजे मी ऐकत नाहीये, मी बोलतोय! ते घट्ट बटण आत अडकून बसलं होतं. कान असलेल्या कुठल्याही हौशी माणसाला हे चटकन कळलं असतं. नानांना खरखर आहे की गेली, हेच कळत नव्हतं. काकूंना वाटलं, सेट बंद आहे. आणि मी मेला, त्या माणसाने जिवापाड झाकलेलं सगळं शब्दन् शब्द हवेत सोडत होतो. थांबवावं तरी कसं?

नानांनी डोळे पुसले आणि माइक आकड्याला अडकवायला उचलला. टक्! बटण सुटलं. खरखर परत आली. ट्रकवाले असते तर एव्हाना चार तरी शिव्या आल्या असत्या.

"मी डॉक्टरांची माफी मागून येतो," नाना म्हणाले. "आणि हा देऊन टाक कुणाला तरी." मला! त्यांचा हात स्विचकडे आला.

"थांबा हो!" काकूंनी हात धरला. "हा बघा काय करतोय. खरखर थांबतेय, सुरू होतेय. बिघडला वाटतं."

बिघडलो नव्हतो; पलीकडून लहर आली की माझी खरखर दबते. समोरून येणाऱ्या लहरीचा जोर दाखवणारा एक काटा माझ्या तोंडावर आहे. तो उडत होता. क्षणभर वर, खाली, मग जरा जास्त वेळ वर. नाना वाकले. त्यांचे ओठ हलायला लागले. टिंब, रेघ, टिंब. तारेची जुनी भाषा! ती तिघंही ही भाषा नानांकडेच शिकलेली. पलीकडे कुणीतरी तोंडातून अवाक्षर न काढता नुसतं बटण दाबत-सोडत होतं.

"कोण आहे?" काकूंनी खुणेने विचारलं.

"डॉक्टर." नाना एकेक अक्षर जुळवत वाचू लागले. "वडिलांनाही... ऐकू येत नव्हतं. मला सवय आहे. उद्या नऊला... या."

नानांनी उत्तर द्यायला माइक घेतला, पण पहिली तीन अक्षरं चुकली.

आता दुपार झालीय. दोघं डॉक्टरांच्या घरी गेलेत, मी टेबलावर एकटाच आहे. जाता जाता तुम्हाला एकच विनवणी. तुमच्याकडेही कुणी भलतीच उत्तरं देत असेल, तर हसण्याआधी जवळ जाऊन विचारा. इतकी शहाणी माणसं आणि मी, आम्ही सगळे महिनाभर नुसते हसत राहिलो, हे मला अजून पचत नाहीये.