हरणाबाईची गांडुळं

"वैनी, सरका बाजूला. हितं गोठा बांधायचा हाय," म्हणत सयाजीनं भर जेठात घरामागच्या परड्यात पहार मारली. पहार ठणकन उडाली. मागच्या दुष्काळानं ती माती पार फरशीसारखी टणक करून टाकली होती.

"हात लावू नगा!" हरणाबाई आडवी आली. नवरा पलटणीत, सगळा मळा धाकट्या दिराच्या, सयाजीच्या हातात. तिचं म्हणावं असं एवढंच परडं उरलं होतं. "चंपाषष्ठीच्या भरताला ह्याच परड्यातली वांगी दीन. न्हाई दिली तर खुशाल बांधा गोठा."

"ह्या फरशीवर वांगी? बघू की!" सयाजी हसतच गेला.

हरणाबाईनं एक गोष्ट हेरली होती. न्हाणीच्या पाण्यावरचा अळू तेवढा माजला होता, आणि तिथली माती गांडुळांनी चहाच्या भुकटीसारखी केली होती. तिनं सावलीत खड्डा घेतला, गांडुळं वेचून सोडली आणि मायेनं वर ताज्या शेणाची पाटी ओतली. ताजं शेण तापलं. सकाळी निम्मी गांडुळं मरून पडलेली. ती तिथंच मटकन बसून रडली. मग डोळे पुसले, उरलेली वेचली, शेण पंधरा दिवस निववलं, पालापाचोळा घातला आणि रोज पाणी शिंपडत राहिली.

"किड्याच्या घानीतली वांगी द्येवाला चालायची न्हाईत!" जाऊ बनुबाई गावभर सांगत सुटली.

"आन तुमच्या उकिरड्यात काय अत्तर असतंय व्हय?" हरणाबाईनं तिला तोंडावर विचारलं.

श्रावणात, पावसानं भिजलेल्या परड्यात तिनं वांग्याची रोपं लावली आणि एकेका रोपाच्या बुडाशी ओंजळभर गांडूळमाती गेली. चातुर्मासभर वांगं कुणी खात नाही, म्हणून चंपाषष्ठीला घरोघर वांगी हवीच असतात. नेमकी त्या वर्षी सयाजीच्या मळ्यातली वांगी अळीनं पोखरली. परड्यातली मात्र लाल-जांभळी, तुकतुकीत. खंडोबाला भरीत-रोडगा गेला आणि देवानं काही तक्रार केली नाही. सयाजीनं तर तीनदा भरीत मागून घेतलं, आणि तिन्ही वेळा ते बनुबाईलाच वाढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो पाटी घेऊन दारात उभा.

"वैनी, वाईच गांडुळं द्या की मळ्याला."

"दीन की. पर आदी काम शिकाय लागतंय. आठ दिस हितं येऊन शेन कालवा."

सयाजीनं इकडंतिकडं बघितलं आणि धोतर खोचलं. कुडाच्या पलीकडं बाया जमल्या, बनुबाईही त्यात होती.

"पाय जपून टाका, भावजी!" सगळ्यांना ऐकू जाईल अशी हरणाबाई कडाडली. "माजा वाफा हाय त्यो!"