हॅन्डलमधला खटका

थोरला लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. एखादी लिफ्ट मजल्यावर थांबताना जराशी अडखळली, तरी तो दाराला 'बंद'ची पाटी लावून मोकळा व्हायचा. मग रहिवासी कितीही नाकं मुरडोत. त्याच माणसाने स्वतःच्या मोटरसायकलचं हॅन्डल दर वेळी सरळ येताना खटकन अडकतंय, हे माहीत असून दोन महिने काही केलं नव्हतं. रविवारी बघू, पुढच्या रविवारी बघू, असं चाललं होतं.

गाडी लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली, अंगाने दणकट. तीन आठवड्यांपूर्वी धाकट्या बहिणीने ती चार दिवसांसाठी मागितली. किल्ली घेताना तिने विचारलं होतं, "काही बघायचंय का हिचं?" मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "ठणठणीत आहे. हवा तेवढी बघ."

दुसऱ्याच दिवशी डोंगरातल्या एका वळणावर गाडी आडवी झाली आणि धाकटीच्या खांद्याचं हाड मोडलं. वळणावर खडी होती, असं सगळे म्हणाले. आई म्हणाली, "झेपेल तेवढंच करावं माणसाने." थोरला तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

आज सकाळी मात्र त्याने घरामागच्या शेडमध्ये गाडी उघडली. पुढचा भाग पट्ट्याने छताच्या तुळईला टांगला, चाक काढलं, दोन्ही शॉक ओढून बाहेर घेतले. मधला मोठा नट सैल करताच हॅन्डलचा दांडा खाली हातात आला. त्याने जुनं ग्रीस फडक्याने पुसलं. ज्या वाटीत बेअरिंगचे छर्रे फिरतात, त्या खालच्या वाटीत ओळीने खळगे पडले होते. त्याने नख फिरवलं. प्रत्येक खळग्यात ते अडकत होतं. त्याने वाटी ठोकून बाहेर काढली. खडीच असेल, अशी तीन आठवडे घातलेली मनाची समजूत तिथेच संपली.

"काय सापडलं?" धाकटी दारात उभी होती, हात झोळीत. ती दातांच्या कवळ्या बनवायची; गुळगुळीत काय आणि खडबडीत काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने वाटी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, अंगठा फिरवला.

"दादा, हे एका दिवसात झालेलं नाही."

"नाही."

"तुला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दोन महिने. पडलीस ती यामुळेच, असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. पण अशी गाडी मी तुला द्यायला नको होती. आणि विचारलंस तेव्हा खोटं बोललो."

तिने वाटी फडक्यावर ठेवली. मग म्हणाली, "वळणावर हॅन्डल माझ्या हाताला दाद देईना, हे मी दवाखान्यात सांगत होते. तू खाटेजवळ उभा होतास. काय म्हणालास आठवतंय?"

त्याला आठवत होतं. 'होतं असं नवख्यांचं.'

"हाड जुळेल रे," ती म्हणाली. "पण मी तीन आठवडे स्वतःला नावं ठेवतेय. चल, आईला सांग. हात धुऊ नकोस, असाच चल."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने काळे हात मागे धरून सगळं सांगितलं. आईच्या हातातली घडी तशीच राहिली.

"मी हिला काय काय बोलले," ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता, "परक्यांच्या लिफ्टा बंद करतोस, आणि घरच्या पोरीला ठणठणीत म्हणून देतोस?"

तो शेडमध्ये परत गेला.

काल आणलेल्या नव्या वाट्या आकसाव्यात म्हणून त्याने रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी ठेवल्या होत्या. त्या हलक्या हाताने ठोकत बसवल्या. पक्क्या बसल्यावर हातोडीचा आवाज बदलला. बेअरिंगांत ग्रीस भरलं, नट चार वेळा सैल केला, चार वेळा आवळला. दुपारी हॅन्डल या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखं फिरलं. त्याला आनंद काही झाला नाही. हे काम अवघं अर्ध्या दिवसाचं होतं.

धाकटीने दारातूनच विचारलं, "झालं?"

"झालं."

"उद्यापासून मी कामावर जाणार. एका हाताने जमेल तेवढं करीन. बसमध्ये धक्का लागतो, तू बरोबर यायचंस. जाताना आणि येतानाही."

"येईन."

महिनाभर तो रोज तिच्या दुखऱ्या बाजूला उभा राहून गेला. पहिला आठवडा ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात, उतरायच्या आधी, तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि त्याच्याकडे न बघताच त्याच्या हातात दिली.