पाणी पळवणारी

मी पन्हळ बोलतेय. तांब्याची, चर्चच्या उत्तरेकडच्या वळचणीला टांगलेली. छपरावरचं पाणी झेलायचं आणि कोपऱ्यातल्या नळीतून ओढ्याकडे लावून द्यायचं, एवढंच माझं काम. एवढ्याशा कामापायी मी जेवढे शिव्याशाप खाल्ले, तेवढे या टायरोलच्या डोंगरात कुण्या चोरानंही खाल्ले नसतील.

माझा जन्म खालच्या शहरात वेन्डेलीन तांबटाच्या भट्टीपाशी झाला. ठोकून ठोकून त्यानं मला गोलाई दिली आणि म्हणाला, "बाई, तू मला पुरून उरशील." ते खरंच झालं. त्या दिवशी मी मोठी खुशीत होते. चर्चच्या कामाला जायचं म्हणजे पुण्याचंच काम, असं मला वाटत होतं. अक्कल नव्हती, दुसरं काय!

त्याच दिवसांत वर गावात काय घडत होतं, ते मला मागाहून कळलं, माझ्याखाली भिंतीला टेकून बसणाऱ्या बायकांच्या तोंडून.

सुतार लोरेन्त्सची बायको बुर्गा बाळंत झाली. पहिलटकरीण, दिवस भरायच्या आतच. सुईण पलीकडच्या खोऱ्यात गेलेली. मुलगी झाली, दोन-चार श्वास घेतले आणि निळी पडायला लागली. फादरना बोलवायला वेळ नसेल तर घरच्या कुणीही बाप्तिस्मा द्यावा, डोक्यावर पाणी घालावं आणि शब्द म्हणावेत, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बुर्गाच्या आईनं, म्हाताऱ्या आगाथेनं, पाणी घातलं. लोरेन्त्सनं शब्द म्हटले. मग पोर गेली. निदान स्वर्गात तरी गेली, असं म्हणून तिघं रडली.

दुसऱ्या दिवशी फादर सेव्हेरीन आले. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

"पाणी कोणी घातलं?" त्यांनी विचारलं.

"सासूबाईंनी. माझे हात थरथरत होते, फादर."

"आणि शब्द?"

"ते मी म्हटले. त्यांना रडू आवरेना."

फादरनी चष्मा काढला. "लोरेन्त्स, दोन्ही एकाच माणसानं करायचं असतं. जो पाणी घालतो त्यानंच शब्द म्हणायचे. हा बाप्तिस्मा झालाच नाही."

"अहो, असं कसं?" आगाथे उसळली. "दोघांनी मिळून केलं म्हणजे जास्तच झालं की! देव काय तराजू घेऊन बसलाय?"

"नियम माझा नाही, आगाथेमावशी."

लोरेन्त्सनं एक थाप मारली असती, 'दोन्ही मीच केलं' म्हणाला असता, तर पोरगी क्रुसाखाली नावानिशी निजली असती. पण फादरांपुढे खोटं बोलू नये, हे त्याला फादरांनीच शिकवलं होतं.

बाप्तिस्मा नाही म्हणजे पवित्र मातीत जागा नाही. अशा पोरांना या गावात चर्चच्या भिंतीला लागून, वळचणीखाली पुरत. चर्चच्या छपरावरून आलेलं पाणी पवित्र; ते मातीवर ठिबकत राहिलं की आतल्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, अशी बायकांची समजूत. आधीचे फादर तिकडे काणाडोळा करायचे. बुर्गाची लेकही तिथंच गेली. आता फक्त पाऊस यायचा होता. पण तो हिवाळ्याआधीचा महिना कोरडाठाक गेला.

आणि पावसाच्या आधी मी आले.

भिंतीत ओल मुरत होती. आतल्या अंगाला जुनं चित्र होतं, येशूच्या बाप्तिस्म्याचं, नदीत उभ्या येशूच्या डोक्यावर योहान पाणी घालतोय असं. त्याचे पोपडे सुटायला लागले होते. त्या चित्राला पाणी लागू नये म्हणून मला आणलं होतं. मला चढवलं तेव्हा बायका खाली उभ्या होत्या. "आली बघा महाराणी, पाणी पळवणारी!" आगाथे म्हणाली आणि थुंकली.

बुर्गा फादरांकडे गेली. अजून अंग ओलं होतं बिचारीचं, चालताना भिंत धरावी लागत होती. "एक पाऊस पडू द्या. एकच. मग खुशाल लावा."

"अगं, छपराच्या पाण्यानं बाप्तिस्मा होत नाही. आणि तिला काही दुःख नाही तिथं. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं जातात ती जागा ना स्वर्ग, ना नरक. सुखात असते ती. फक्त देवाचं दर्शन होत नाही."

"आणि मी मेल्यावर ती मला भेटेल?"

फादर म्हणाले, "तू नीट वागलीस तर स्वर्गात जाशील, बुर्गा."

"म्हणजे नाही भेटणार."

"नाही."

"मग मी नीट वागून करू काय?"

लोरेन्त्सनं दुसऱ्याच दिवशी शिडी लावली. भर उजेडात, सगळ्यांदेखत, खिळा ठोकून त्यानं मला भोक पाडलं, बरोबर लेकीच्या मातीच्या उंचवट्याच्या वर. दुखलं मला. पण एवढं सार्थक मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी पाऊस आला आणि मी जमेल तेवढी गळले. बुर्गा शाल पांघरून दिवसभर खाली बसली होती. संध्याकाळी ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं, बाप्तिस्मा जिवंत माणसाचा होतो. मेलेल्यावर समुद्र ओतला तरी व्यर्थ. नाव घेतलं नाही कुणाचं. सगळी डोकी मात्र बुर्गाकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला तो गेलाच. वेन्डेलीननं येऊन माझं भोक बुजवलं, तेव्हा तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर किती पावसाळे-हिवाळे गेले! आगाथे गेली, लोरेन्त्स गेला, फादर सेव्हेरीनही गेले. बुर्गाला दुसरं मूल झालं नाही. म्हातारी झाली तरी ती भिंतीपाशी येऊन बसायची. एक दिवस नवे तरुण फादर तिच्याजवळ बसले. हसतमुख, प्रेमळ माणूस.

"आजी, कशाला झुरता? देव दयाळू आहे. तसली जागा वगैरे कुणी मानत नाही आता. जुन्या पंडितांचं ते नुसतं मत होतं, धर्माज्ञा नव्हती. तुमची लेक देवापाशीच आहे, असं धरून चाला."

बुर्गानं त्यांच्याकडे वळून विचारलं,

"मत होतं?"

"हो, आजी."

"म्हणजे नक्की कुणालाच माहीत नव्हतं?"

"तसंच काहीसं."

"मग त्या दिवशी 'माहीत नाही' एवढं म्हणायला काय झालं होतं?"

फादरांनी तिचा हात हातात घेतला. तिनं तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "मला तिच्याशेजारी पुरा. तुमच्यातला एक म्हणतो भेटणार नाही, दुसरा म्हणतो भेटेल. माझा आता मातीवरच भरवसा."

त्यांनी तिचा शब्द पाळला. भिंतीला लागून आता दोघी आहेत.

मी अजून जागेवरच आहे. तांबं लवकर मरत नाही. लोकांनो, वितळवा मला, भंगारात घाला, पण इथून उतरवा. पाऊस आला की मी त्या दोघींच्या डोक्यावरचं पाणी उचलते आणि ओढ्यात नेऊन टाकते.

माझ्या खालची माती अजून कोरडी आहे.