पेटीची ऊब

"नत्थूजी, हात पुढे करा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि नत्थूजींनी मुकाट्यानं बाही वर सारली. बावीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत काढली, की माणसाचं रक्तसुद्धा तिथल्या सामानात जमा होतं. निरोगी माणसाचं रक्त लागलं की नत्थूजींचंच घ्यायचं, असा शिरस्ताच पडला होता.

त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन नळ्यांत भरायच्या. एकीवर लेसरचा लाल उजेड पाडायचा, दुसरी काळ्या कागदात गुंडाळायची. मग दोन्हींत जंतूंच्या जागी यीस्टचे दाणे टाकायचे आणि शंभरातल्या किती पेशींनी ते गिळले, हे नत्थूजींनी सूक्ष्मदर्शकातून मोजायचं. पंधरा दिवस उजेडातल्या पेशी हावऱ्यासारख्या खात होत्या. मॅडम खूश होत्या.

"असंच राहिलं तर हा उजेड जखमांवर वापरायची परवानगी मागू," त्या म्हणाल्या होत्या. "पहिलं नाव देवकाबाईंचं."

देवकाबाई म्हणजे नत्थूजींची बायको. मधुमेहानं बधिर झालेल्या तिच्या तळपायाची जखम आठ महिने भरत नव्हती. आता सर्जन पाय कापायचं बोलू लागले होते.

शहाऐंशीच्या जानेवारीतली थंडी मी म्हणत होती. फरशीचा ओटा हाताला चटके देण्याइतका गार. म्हणून आज नत्थूजींनी दोन्ही नळ्या लेसरच्या तापलेल्या पेटीवर ठेवल्या. एरवी पेटीवर फक्त उजेडातली असायची, काळ्या कागदातली ओट्यावर.

मोजणी झाली. उजेडातल्या साठ. अंधारातल्याही साठ. त्यांनी पुन्हा मोजलं. तेच.

म्हणजे करामत उजेडाची नव्हतीच, पेटीच्या उबेची होती. चूक त्यांचीच, पंधरा दिवसांची, आणि ती ठाऊकही फक्त त्यांनाच. अंधारातल्यांच्या रकान्यात रोजच्यासारखे चाळीस लिहिले असते तर कोण विचारणार होतं? कोऱ्या रकान्याकडे बघत ते कितीतरी वेळ बसून राहिले. त्यांना रडू येत होतं.

"मॅडम, चुकलं माझं," शेवटी ते म्हणाले. "उजेडानं काई झालं नाई. नळी गरम राहे, म्हणून."

सगळं ऐकून मॅडम खुर्चीत बसल्या. "नत्थूजी, मग देवकाबाईंचं..."

"मालूम हाये मले."

संध्याकाळी बोरगावच्या घरी देवकाबाई खाटेवर वाटच बघत होती.

"कवा नेता मले त्या उजेडाखाली?"

"त्या उजेडात काई नाई व. पेटीची ऊब होती ते."

तिनं नुसता पाय पुढे केला. नत्थूजींनी मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, नवी पट्टी बांधली आणि तो पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांत धरला.

"लागते का ऊब?"

"नाई," ती म्हणाली. "पन ठेवा हात."