ब्लोरोक आरवली

मी एक जुनी बांबूची दांडी आहे. खुराड्यात कोंबड्यांना बसायला आडवी टाकतात ना, तीच. मित्रांनो, तुम्ही आजवर छत्रीचे मनोगत ऐकले असेल, फाटक्या पुस्तकाचे ऐकले असेल. कोंबड्यांच्या बुडाखालच्या दांडीला कोण विचारतो? पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवस कलला की माझ्या अंगावर अजून भार येतो. एकेक करून सगळ्या चढतात, सरकतात, पिसे झटकून अंग फुगवतात. मी ओळखायला जाते, आणि वर कुणीच नसते.

माझा जन्म लावू नावाच्या डोंगराच्या उतारावर, ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटात झाला. आमची घरधनीण तुमिराह, तिचा नवरा सुकिर्मान याने मला कोयत्याने तोडले. माझी पेरे त्याने इतकी तासली की शेवटी तुमिराह हसून म्हणाली, "अहो, खुराड्यात घालताय की जावयाला पलंग करताय?" तो म्हणाला, "कोंबडीच्या पायात धस गेली की पाय सुजतो. पाय सुजला की कोंबडी संपली." असा तो माणूस होता. थोडे बोलायचा आणि नीट करायचा.

माझे काम सोपे दिसते, पण सोपे नाही. कोंबड्या कुठेही बसत नाहीत. भिंतीकडची, वाऱ्यापासून आडोशाची जागा थोरलीची. तिच्या शेजारी तिच्या खालची, मग तिच्या खालची. दाराजवळ, जिथे पावसाची झड येते, तिथे सगळ्यांत दुबळी. कुणी मर्यादा सोडून वर सरकली की डोक्यात टोच बसते आणि भांडण मिटते. बाहेरून बघणाऱ्याला हा जुलूम वाटतो. पण प्रत्येकीला आपली जागा ठाऊक असली की सगळ्या शांत झोपतात, अंडीही वेळेवर देतात. हे मी अंगावर सोसून शिकले आहे.

आणखी एक गोष्ट फक्त मलाच कळते. कोंबडी झोपली की तिच्या पायाची पकड सुटत नाही, उलट घट्ट होते. म्हणून ती झोपेत पडत नाही. आजारी कोंबडी दिवसभर सोंग करते, इतरांसारखी माती उकरते, कण्या टिपते, कारण दुबळेपण दिसले की बाकीच्या टोचून हैराण करतात. माणसांना ती फसवते. मला फसवू शकत नाही. तिची बोटे सैल पडली की मला सगळ्यांच्या आधी कळते. कळून उपयोग काय? मला तोंड नाही.

भिंतीकडची जागा ब्लोरोकची होती. ब्लोरोक म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. तुमिराहची मुलगी वार्तिनी हिने तिला पिल्लू असल्यापासून हातावर वाढवले होते. तुमिराह "कुर्र कुर्र" करत कण्या फेकायची, त्यातली पहिली मूठ ब्लोरोकच्या पुढ्यात पडायची. दोन खुडूक कोंबड्या एकाच टोपलीसाठी भांडू लागल्या, तर ही मध्ये जाऊन नुसती उभी राहायची. तेवढे पुरे व्हायचे.

मग सुकिर्मान गेला. आमच्याकडे माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी मोठे जेवण घालतात. त्या जेवणात अख्खा कोंबडा नारळाच्या दुधात शिजवून मध्यभागी ठेवावा लागतो, आणि तो घरचाच असला तर मान. तुमिराहकडे एकच कोंबडा होता. तो गेला. सगळ्यांनी तिची वाहवा केली. दुसऱ्या दिवसापासून अंगणात कळपावर लक्ष ठेवायला कुणी उरले नाही.

ब्लोरोकने ते काम उचलले. बाकीच्या खात असत तेव्हा ती मान वर करून आभाळ बघायची. घारीची सावली पडली की ओरडायची, आणि सगळ्या केळीखाली पळायच्या. हळूहळू तिने अंडी देणे थांबवले. मग एका सकाळी माझ्यावर उभी राहून तिने मान ताणली आणि आरवली. फाटका, अर्धवट आवाज होता. पण आरवणेच होते ते.

कुंपणापलीकडून शेजारचा रेजो ओरडला, "यू तुमिराह! तुझ्या घरातला बाप्या गेला, आता कोंबड्यासुद्धा बाप्या झाल्या गं!"

यू म्हणजे ताई. रेजो तिला यू म्हणायचा आणि ती त्याला कांग, म्हणजे दादा. एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. पण हा टोमणा तिला लागला. तीही नवरा गेल्यापासून, जावई घरात असला तरी, शेत, छप्पर, सगळे एकटीच बघत होती.

"तुझं तोंड आवर, कांग. सकाळी सकाळी काय ते अभद्र!"

रेजो कुंपणाला टेकला. आता तो हसत नव्हता. "मस्करी नाही करत, यू. कोंबडी आरवली की घरातलं माणूस जातं. माझ्या चुलतीच्या वेळी मी बघितलंय. आणि तुझ्या घरात पोटुशी पोर आहे. आजच्या आज मान उतरव तिची."

वार्तिनीला सातवा महिना होता. पहिलेच बाळ. तुमिराहचा हात कण्यांच्या सुपात तसाच राहिला.

"आणि सुरी कोण धरणार?" ती म्हणाली.

तिने जावयाकडे पाहिले. गियान्तो दोन पावले मागे सरला. आमच्याकडे बायको पोटुशी असताना नवऱ्याने, किंवा घरातल्या कुणीही, जीव घ्यायचा नसतो. पोटातल्या बाळाला खोट येते म्हणतात.

"मी नाही, बु. मी सध्या डाससुद्धा मारत नाही." बु म्हणजे आई; सासूलाही तो तेच म्हणायचा.

"दिसतंय. डास चावून अंगभर गांधी उठल्यात तुझ्या," रेजो म्हणाला.

दारातून वार्तिनी आली, कमरेवर हात ठेवून. "ब्लोरोकला कुणी हात लावायचा नाही. बु, तिला कोंबडा आणून दे. तो आला की ती आपोआप गप्प बसेल. तिला काय हौस आहे का आरवायची?"

ते सगळ्यांना पटले. कुणाचे मरण नको आणि अपशकुनही नको. त्याच दिवशी गियान्तो पोनच्या बाजारात, म्हणजे दर पाचव्या दिवशी भरतो त्यात, गेला आणि लाल कोंबडा घेऊन आला. तुरा मोठा, शेपटी झुपकेदार. विकणाऱ्याने फार घासाघीसही केली नाही म्हणे, मागितला त्या भावाला देऊन टाकला.

वार्तिनी म्हणाली, "बाबा नवीन पाखरू आणलं की डालग्याखाली झाकायचे, तिकडे चिंचेखाली. पंधरा-वीस दिवस आपल्या कोंबड्यांत सोडायचे नाहीत."

"अगं न्दुक, पोरी माझ्या, पंधरा दिवस ती रोज आरवेल," तुमिराह म्हणाली. "मी पंधरा दिवस ऐकू शकत नाही ते. तुझ्या पोटाकडे बघ जरा. आजच सोड त्याला आत."

मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. ती आई होती. घाबरली होती.

त्या संध्याकाळी कोंबडा माझ्यावर चढला. ब्लोरोकशी थोडी झटापट झाली आणि तिने भिंतीकडची जागा त्याला दिली. सगळे घर खूश झाले. मला मात्र कळले. त्याच्या बोटांत जोर नव्हता. झोप लागल्यावर पकड घट्ट व्हायची ती होईना. त्याच्या छातीत बारीक घरघर होती. त्याची हिरवट, पाण्यासारखी घाण माझ्या अंगावरून ओघळली आणि माझ्या भेगांत मुरली. मी खूप ओरडले असते. बांबू किती ओरडणार? वाऱ्याने जरा करकरले, इतकेच.

पण सकाळी तो आरवला आणि ब्लोरोक गप्प राहिली. तुमिराहने त्या दिवशी तांदळाचे गोड केले.

मग दाराजवळची दुबळी पांढरी कोंबडी दिवसाही माझ्यावर बसून राहू लागली. निरोगी कोंबडी उजेडी दांडीवर बसत नाही. बाकीच्यांनी तिला टोचायला सुरुवात केली. कळपाचा हा नियम कठोर आहे, आणि खोटे कशाला बोलू, ब्लोरोकनेही टोचले. पांढरीची मान वाकडी झाली, इतकी की ती आभाळाकडे बघत गोल गोल फिरायची. मानमोडी! आमच्याकडे तिला तेतेलो म्हणतात. नाव कुठलेही असो, एकदा खुराड्यात शिरली की ती एकीवर थांबत नाही. माझ्यावरची बोटे एकेकीची सैल होत गेली. सकाळी दार उघडले की खाली कुणीतरी पाय ताणून पडलेली असायची. गियान्तो त्यांना ओढ्यात सोडून यायचा. ओढ्याच्या खालच्या गावांना ते पाणी काय घेऊन गेले असेल, याचा विचार केला की मला अजून धडकी भरते.

कोंबडाही गेला. राहिली ती एकटी ब्लोरोक. आणि कोंबडा नाही म्हटल्यावर, मित्रांनो, तिने पुन्हा आपले काम उचलले. रिकाम्या दांडीवर उभी राहून ती आरवली.

या वेळी रेजोने टोमणा मारला नाही. तो गुपचूप कुंपण ओलांडून आला. "यू, अजून काय बघायचं राहिलंय? सगळं खुराडं तिने खाल्लं. आता घरात शिरेल."

तुमिराहने घराच्या बंद दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "आमच्या घरातल्या कुणाचा हात लागायला नको. तूच ने. वार्तिनी उठायच्या आत ने."

पहाट होती. ब्लोरोक अजून डोळे मिटून होती. रेजोचा हात आत आला. तिची पकड इतकी घट्ट होती की त्याला तिची बोटे एकेक करून उकलावी लागली. ती धडधाकट होती. रोग तिला शिवलासुद्धा नव्हता. हे जगात फक्त मला ठाऊक होते.

वार्तिनीने दोन दिवस आईशी बोलणे टाकले. मग दिवस भरले आणि तिला मुलगी झाली, गुटगुटीत, मोठ्या आवाजाची. रेजो साऱ्या गावाला सांगत सुटला की वेळेवर मान उतरवली म्हणून पोर वाचली. तुमिराहसुद्धा डोळे पुसून म्हणायची, "ब्लोरोकने सगळं स्वतःवर घेतलं." लोक मान डोलवायचे. मी रिकाम्या खुराड्यात ते ऐकत राहायचे. संध्याकाळी अंगावर भार यायचा आणि वर कुणीच नसायचे.

आज नात्यातल्या कुणीतरी बाळासाठी भेट म्हणून टोपलीभर पिल्ले आणली. तुमिराहने खुराड्याचे दार उघडले, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुकिर्मानच्या हातची दांडी. अजून कशी दणकट आहे! रात्री इथेच ठेवू पिल्लांना." तो हात गेली कित्येक वर्षे मला हवा होता. त्या वेळी मात्र तो नकोसा झाला; माझ्या भेगांत काय मुरले आहे ते मला ठाऊक होते.

तेवढ्यात गियान्तो बाजारातून परतला. टोपी काढून तो पायरीवर बसला. "बु, तो लाल कोंबडा ज्याने विकला ना, तो आज भेटला. त्याच्या घरच्या सगळ्या कोंबड्या तेव्हा तेतेलोने मरत होत्या. उरला तेवढा विकून टाकला, असं हसत हसत सांगत होता."

पिल्ले टोपलीत चिवचिवत होती.

वार्तिनी हळूच म्हणाली, "म्हणजे ब्लोरोकमुळे नाही, बु."

तुमिराह खुराड्यापुढे खाली बसली. "ती तर नुसती राखण करत होती," ती म्हणाली. "घरात राखायला कुणी नव्हतं म्हणून. मग मी तिला कशाला दिली गं त्याच्या हातात?"

मग तुमिराह उठली. तिने मला खाचांतून उपसले, परसात नेले आणि चुलीत माझे टोक सारले. गियान्तो म्हणाला, "बु, ती बाबांच्या हातची." ती म्हणाली, "ते असते तर त्यांनीच जाळली असती." मग तिने खुराडे उन्हाला उघडे टाकले, चुन्याची बादली मागवली, आणि पिल्लांची टोपली खुराड्यात न ठेवता स्वतःच्या बिछान्याशी नेऊन ठेवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला टाकू नका. मी उलटे विनवते. माझ्या भेगांत ती मानमोडी अजून असेल. मला पुरती जळू द्या, अर्धवट ओढून काढू नका. नवे पाखरू आणाल तर आधी लांब ठेवा. आणि अंगणात वेगळा आवाज आला की सुरी शोधण्याआधी जरा विचारा, तिला असा आवाज का काढावा लागला. आता धग आतपर्यंत आली आहे. बांबू जळताना मोठ्याने फुटतो, बाळाला जरा आत न्या.